माळ्यावरची मोडकी खुर्ची खाली काढताना

बहुतेक घरांत एक तरी लाकडी वस्तू अशी असते, जी टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. माळ्यावर उलटी करून ठेवलेली वेताची खुर्ची, एक खण हरवलेलं टेबल, पलंगाचे नुसतेच पाय. आमच्याकडे होती आजोबांची सागवानी खुर्ची. वेत मधोमध फाटलेला, मागचा उजवा पाय डुगडुगणारा, आणि वर कुणाकुणाच्या हौसेने चढलेले तीन रंग. ती खाली काढली त्याच दिवशी मी उत्साहानं दुकानात जाऊन पॉलिशचा डबा घेऊन आले. गल्लीतले सुतारकाका जाता-येता बघत होते. म्हणाले, "ताई, रंगाचं राहू द्या. ती हलते कुठं, ते बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. नवखा माणूस रंगापासून सुरू करतो, कारण डोळ्यांना रंगच खुपतो. खुर्ची मात्र रंगानं मोडत नाही, सांध्यात मोडते. म्हणून या लेखात पॉलिश पार शेवटी आहे. ज्यांनी आजवर खिळा ठोकण्यापलीकडे सुतारकाम केलेलं नाही, त्यांना समोर धरून लिहिते आहे. उदाहरणाला हीच खुर्ची घेते. टेबल, स्टूल, चौरंग यांना बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

ठेवायची की भंगारात द्यायची

वस्तू उलटी करा. वरून सगळी फर्निचरं सभ्य दिसतात; खरं काय ते खालच्या बाजूला कळतं, कारण तिथं कुणी रंग नीट लावत नाही. बैठकीच्या खाली, न दिसणाऱ्या जागी चाकूनं थोडं खरवडा. सागवान असेल तर आतून सोनेरी-तपकिरी रंग निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा मंद वास येतो. शिसवी असेल तर ती काळपट-जांभळट असते आणि उचलतानाच कमरेला समजते. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाचं लाकूड भेटतं. ते ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षानुवर्षांत गडद होत जातं. या तिन्हींपैकी काही निघालं तर मेहनत घ्या.

भुश्श्याचा बोर्ड निघाला, म्हणजे वर सनमायका आणि आत दाबलेला भुसा, आणि तो पाण्यानं फुगलेला असेल, तर मोह सोडा. फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही, त्यात स्क्रूही धरत नाही. बिजागऱ्या, मुठी, कुलूप काढून घ्या आणि बाकीचं जाऊ द्या.

मग दाभण घ्या आणि पायांची टोकं, सांध्यांच्या जागा, भिंतीला टेकणारी बाजू टोचून बघा. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम रुतते. सुरीनं लोणी कापावं तशी आत गेली तर तो भाग कुजलाय किंवा पोखरलाय, तो कापून नवा जोड द्यावा लागेल. पायाचं टोक दोनेक इंच कुजणं नेहमीचं आहे, कारण वर्षानुवर्षं फरशी पुसताना पाणी तिथंच लागतं. हा जोड पहिल्या खेपेला सुताराकडून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

सागवान आणि वेत या जोडीला कमी लेखू नका, हे सांगायला एक उदाहरण पुरे. चंदीगड शहर उभं राहत होतं तेव्हा, १९५० च्या दशकात, वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी आणि वेताच्या खुर्च्या बनवल्या गेल्या. पुढं त्या मोडक्या म्हणून गच्चीवर आणि गोदामात ढीग लावून ठेवल्या, भंगाराच्या भावानं विकल्या. त्याच खुर्च्या नंतर परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या. तुमच्या माळ्यावरची तेवढ्याला जाणार नाही, पण लाकूड त्याच जातीचं आहे.

पीठ गळतंय का

लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर घाबरण्याआधी तपासा की कीड अजून आत आहे की कधीच उडून गेली. खुर्चीखाली काळा कागद पसरा आणि आठवडाभर हलवू नका. कागदावर मैद्यासारखं बारीक पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. भोकांच्या आतला रंग ताजा, फिकट दिसतो ही दुसरी खूण. जुनी भोकं आतून मळकट झालेली असतात. ती नुसती बुजवली तरी चालतं.

ही कीड बहुधा गाभ्याबाहेरच्या पांढुरक्या, कच्च्या लाकडात असते. सागवानाच्या गाभ्याच्या वाटेला ती सहसा जात नाही. दुकानात लाकडासाठीचं तयार कीडनाशक मिळतं. इंजेक्शनच्या सिरिंजनं ते एकेका भोकात सोडायचं, वरून ब्रशनं दोन हात द्यायचे आणि वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवायची. हातमोजे घाला, हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा, आणि डब्यावरची सूचना खरंच वाचा. जुनी माणसं रॉकेल चोळायची. रॉकेल उडून जातं, कीड राहते, आणि लाकूड पेटायला सोपं होतं. नको.

वाळवीचं वेगळं. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती खुर्चीतून आलेली नाही, जमिनीतून किंवा भिंतीतून आली आहे. खुर्ची साफ करून परत त्याच कोपऱ्यात ठेवलीत तर महिन्याभरात ती परत येईल. आधी घराचा बंदोबस्त करा.

सामान किती लागतं

कमी लागतं. लाकडी किंवा रबरी हातोडा, एक चांगली पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), कानस, पेंचिस, स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, फेविकॉल, जुनी सायकलची ट्यूब, आणि ८०, १२०, १८०, २२० नंबरचे पॉलिश पेपर. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं. जुनी हत्यारं हवी असतील तर रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुन्या पटाशीचं पोलाद अनेकदा नव्यापेक्षा सरस असतं, फक्त धार लावून घ्यावी लागते.

सायकलची ट्यूब कशाला, ते पुढं येतं. शिकंजे (क्लॅम्प) विकत घ्यायची घाई करू नका.

सांधे: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

खुर्ची जमिनीवर ठेवा, पाठ एका हातानं आणि बैठक दुसऱ्या हातानं धरा आणि हळूच पिळा. जो सांधा तोंड उघडतो त्यावर खडूनं खूण करा. चारही बाजूंनी असं करा. माझ्या खुर्चीत मला वाटत होतं एकच पाय ढिला आहे. खडूच्या खुणा निघाल्या पाच.

आता मोह होतो तो खिळ्याचा. सांध्यात दीड इंची खिळा ठोकला की खुर्ची त्या दिवशी गप्प बसते. आत काय होतं ते बघा. जुनी खुर्ची कुसू आणि भोक अशी जोडलेली असते: आडव्या पट्टीचं टोक जिभेसारखं कोरलेलं, ते म्हणजे कुसू, आणि ते पायातल्या भोकात घट्ट बसवलेलं. तुमचा खिळा त्या जिभेला मधोमध चिरतो. खुर्ची परत हलायला लागते, खिळा भोक मोठं करत जातो, आणि पुढच्या वेळी जेव्हा सांधा खरंच उघडायची वेळ येते तेव्हा कुसू तुकडा होऊनच बाहेर येतं. माझ्या खुर्चीत असे चार खिळे होते. ते काढायला मला दोन संध्याकाळ लागल्या. सांधा खोलण्याआधी असे खिळे, चुका (बारीक खिळे), आणि काही ठिकाणी आरपार मारलेली लाकडी मेख शोधून काढाच. मेख दिसते ती पायाच्या बाजूला असलेल्या छोट्या गोल किंवा चौकोनी ठिपक्यासारखी. ती मागून ठोकून बाहेर काढता येते.

खोलण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलनं नंबर घाला: सांध्याच्या या बाजूला १, त्या बाजूलाही १. डावा-उजवा पाय सारखा दिसतो, पण हाती केलेल्या फर्निचरमध्ये एक भोक दुसऱ्यासारखं कधीच नसतं.

मग सांध्याजवळ लाकडाचा एक तुकडा आड धरून हातोड्यानं हलके ठोके द्या. सुटत नसेल तर जोर वाढवू नका, पाणी वाढवा. जुनी खुर्ची बहुधा सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकानं, चिकटवलेली असते आणि सरस गरम पाण्यानं मऊ पडतो. कढत पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत ठोका. फेविकॉलनं जोडलेलं असेल तर पाण्याऐवजी गरम व्हिनेगर उपयोगी पडतं. सिरिंजनं फटीत सोडायचं. आणि जो सांधा हलत नाही, तो खोलूच नका. पाच ढिले सांधे दुरुस्त करताना सहावा घट्ट सांधा मोडून ठेवणं हा हौशी माणसाचा खास गुन्हा आहे.

आमची खुर्ची सुटली तेव्हा भोकात मधासारख्या रंगाचे, काचेसारखे तडकलेले सरसाचे तुकडे होते, आणि एका सांध्यात घडी घातलेला कागद. कुणीतरी, कधीतरी, ढिला सांधा घट्ट व्हावा म्हणून कागद कोंबला होता. हेतू बरोबर, सामान चुकीचं.

आता हे सगळं खरवडून काढायचं. नवा फेविकॉल जुन्या सरसावर धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. पटाशी उलटी धरून भोकाच्या भिंती खरवडा, कुसवावरचा थर कानशीनं हलका घासा. पण लाकूड घासू नका, कारण घासाल तेवढा सांधा आणखी सैल होईल. सागवान असेल तर अजून एक गोष्ट: त्यात नैसर्गिक तेल असतं आणि ते चिकटण्याच्या आड येतं. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजू थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलेल्या फडक्यानं पुसून घ्या.

कोरडंच जोडून बघा. कुसू भोकात हाताच्या दाबानं जायला हवं आणि नुसतं उलटं धरलं तर पडायला नको. पडत असेल तर रंध्यातून निघणारं पातळ सालपट कुसवाच्या गालावर फेविकॉलनं चिकटवा, वाळू द्या, मग कानशीनं जमवत जमवत बसवा. भुसा आणि फेविकॉल कालवून सांध्यात भरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. ते खड्डे बुजवायला ठीक आहे, भार पेलायला नाही.

बसलं की दोन्ही बाजूंना फेविकॉलचा पातळ हात द्या, सगळे सांधे एकाच बैठकीत जोडा, आणि इथं सायकलची ट्यूब. ट्यूब लांबीनं कापून इंचभर रुंदीच्या पट्ट्या करा. पट्टी ताणून खुर्चीच्या पायांभोवती पाच-सहा वेढे द्या आणि टोक वेढ्याखाली खोचा. रबराचा ताण विलक्षण असतो, लाकडावर वण उठत नाही, आणि गोल, तिरक्या पायांवर जिथं शिकंजा घसरतो तिथंही पट्टी बसते. ट्यूब नसेल तर सुती दोरीचे दोन वेढे घेऊन मध्ये काठी घालून पीळ द्या. दोरीखाली कापडाची घडी ठेवा.

लगेच, फेविकॉल ओला असतानाच, दोन गोष्टी तपासा. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पुढचा उजवा कोपरा ते मागचा डावा, आणि उलट. दोन्ही सारखे यायला हवेत. नसतील तर लांब कर्णावर दाब देऊन चौकट सरळ करा. दुसरं, खुर्ची सपाट फरशीवर उभी करा आणि चारही पाय टेकतात का बघा. वाळल्यावर हे काही करता येत नाही. मग माणसं पाय कापायला बसतात. हा पाय मोठा म्हणून थोडा कापला, मग तो मोठा वाटला म्हणून तो. अशानं खुर्चीचा चौरंग होतो आणि चौरंगाचा पाट.

बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं पुसून टाका. राहिला तर तिथं पॉलिश शोषलं जात नाही आणि डाग कायमचा दिसतो. चोवीस तास खुर्चीला हात लावू नका.

जुना रंग

आधी बघा की वर आहे काय. कापसावर स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला, कापूस तपकिरी झाला, तर ते लाखेचं पॉलिश आहे आणि तुम्ही नशीबवान आहात. ते काढायची गरजच नाही. मळ पुसा, २२० चा पेपर हलका फिरवा, वरून नवी लाख द्या. नवीतलं स्पिरिट जुनी लाख विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. स्पिरिटनं काही झालं नाही, थिनरनं मऊ पडलं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवून लावतात ते वॉर्निश. दोन्हींना दाद देत नसेल तर ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं पक्कं पॉलिश).

ऑइल पेंट जुना असेल तर सांभाळा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या तेलरंगात, शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि ती लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. रंग काढायचं रसायन लावून, मऊ झाल्यावर पत्र्यानं खरवडा, किंवा पाणी लावून वॉटर पेपरनं घासा. खरवड कागदात गोळा करून वेगळी टाका. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर हे काम बाहेर द्या.

घासण्याचा नियम एकच आहे: लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलेलं तेव्हा दिसत नाही, पॉलिश चढलं की मांजरानं ओरबाडल्यासारखं दिसतं. ८० चा पेपर फक्त जाड रंग असेल तिथं, मग १२०, १८०, २२०. नंबर गाळू नका. आणि टेबलाचा किंवा कपाटाचा पृष्ठभाग घासण्याआधी कडेनं बघून घ्या, की ते अख्खं लाकूड आहे की वर व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. मी एका टीपॉयवर मशीन फिरवत बसले आणि अर्ध्या तासानं खालचं प्लायवुड मला बघून हसत होतं. त्या टीपॉयवर आजही कायम टेबलक्लॉथ असतो.

वेत

वेत नुसता झोळ पडलेला असेल, तुटलेला नसेल, तर विणायला जाऊ नका. खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूनं गरम पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर पसरून ठेवा, मग सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताठ होते. माझ्या ओळखीतल्या दोन खुर्च्या एवढ्यावरच सुधारल्या.

तुटलाच असेल तर चौकट बघा. भोवती सलग खाच असेल तर विणलेलं तयार जाळं दुकानातून आणून खाचेत पट्टीनं दाबून बसवतात. ते दोन तासांचं काम. ओळीनं भोकं असतील तर हातानंच विणायचं. जुना वेत कापून टाका, पण एक सलग तुकडा जपून ठेवा: दुकानात तोच दाखवायचा, म्हणजे रुंदी बरोबर मिळते.

वेत साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा, फार वेळ ठेवलात तर काळवंडतो. चकचकीत बाजू नेहमी वर. मागच्या पट्टीचं मधलं भोक आणि पुढच्या पट्टीचं मधलं भोक यांपासून सुरुवात करून बाहेर जा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या सुटतात. पहिला थर मागून पुढे, उभा. दुसरा त्यावर आडवा. तिसरा परत उभा, पहिल्याच भोकांतून, थोडा बाजूला सरकवून. इथपर्यंत विणणं नाहीच, नुसतं टाकत जाणं. चौथा आडवा थर हा पहिला खरा विणीचा: एका उभ्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. मग पाचवा आणि सहावा तिरका, एकमेकांच्या उलट दिशांनी, आणि शेवटी कडेची रुंद पट्टी जी भोकं झाकते. वेत जागेवर धरून ठेवायला भोकांत लाकडाच्या छोट्या खुंट्या ठोकत जा. पहिले थर फार ताणू नका, वाळल्यावर आणि तिरके थर पडल्यावर ताण आपोआप येतो.

तिरक्या थरात चुकलात की नाही, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. बरोबर विणीत वेत चौकोनाच्या कोपऱ्यात शिरून सुळकन सरकतो. वर-खालीचा क्रम उलटा झाला असेल तर प्रत्येक छेदाशी अडकतो, खरखरतो. अडकला की ओढू नका, मागे जा. डोळ्यांवर न विसंबता हातानं करता येणारं काम म्हणूनच हे विणकाम वर्षानुवर्षं अंधशाळांमधून शिकवलं जातं. गावात अशी संस्था असेल तर खुर्ची विणायला तिथं विचारा. काम बहुधा दुकानापेक्षा नेटकं मिळतं. मला पहिली बैठक विणायला पाच रविवार लागले आणि डाव्या कोपऱ्यात एक चूक अजून आहे.

आता पॉलिश

पावसाळ्यात पॉलिश करू नका. मी केलं होतं, ऐन श्रावणात, पाहुणे यायचे होते म्हणून. सकाळी आरशासारखी दिसणारी खुर्ची दुपारी दुधाळ झाली. हवेतला दमटपणा लाखेत अडकतो आणि पॉलिश पांढरं पडतं. दिवाळी ते होळी हा उत्तम काळ.

लाख तयार घ्यायची नसेल तर चपडा लाखेचे पापुद्रे लिटरभर स्पिरिटमध्ये शंभर ते दीडशे ग्रॅम या मापानं रात्रभर भिजत घाला. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. लोखंडी डब्यात लाख काळी पडते. सकाळी मलमलीतून गाळा. उरलेली लाख सहा महिन्यांत संपवा, नंतर ती नीट वाळत नाही, चिकट राहते.

लावायची ती ब्रशनं नाही, बोळ्यानं. आत कापूस, वर जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं सुरकुती नसलेलं फडकं. कापसाला लाख पाजा, दाबून जास्तीची काढा, बोळ्याच्या तळाला जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब, आणि लाकडावर न थांबता फिरवत राहा. थांबलात तिथं बोळा चिकटतो आणि फडक्याची वीण छापली जाते. पातळ हात, मध्ये अर्धा-पाऊण तास, तीन हातांनंतर ३२० चा पेपर अगदी हलका. आठ-दहा हातांत झळाळी येते. खड्डे आणि किड्यांची भोकं बुजवायची तर पहिल्या दोन हातांनंतर, त्याच लाकडाचा बारीक भुसा लाखेत कालवून. रंग जुळवायला चिमूटभर गेरू.

स्पिरिट विषारी आहे आणि चटकन पेटतं. खिडक्या उघड्या, देवघरातली समई विझलेली. जवसाच्या तेलाची फडकी मात्र वेगळ्याच कारणानं धोक्याची: ती चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

जेवणाच्या टेबलाला लाख देऊ नका. गरम कपाचं पांढरं कडं एका चहात उमटतं. तिथं पीयू किंवा मेलामाइन. दिसायला मला ते प्लास्टिकसारखं वाटतं, पण आमटी सांडली की पुसून टाकता येते.

जिचं मूळ काम संपलं, ती वस्तू

सगळंच पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. टेबल गेलं पण खण चांगले आहेत, तर खण उभा भिंतीला लावा, आत एक फळी घाला: मसाल्याच्या बाटल्यांना किंवा पुस्तकांना बरोबर खोली मिळते. भिंतीत स्क्रू खणाच्या पातळ तळातून मारू नका. आतल्या बाजूनं वरच्या कडेला एक जाड पट्टी बसवा आणि तिच्यातून मारा. पलंगाची उशाची फळी आणि दोन पाय उरले असतील तर दाराशी चपला काढायला बसण्याचं बाकडं होतं.

शिलाई मशीनचा पायट्याचा सांगाडा तर सोडूच नका. तो बिडाचा असतो, वजनदार, न डुगडुगणारा, वर सागवानाची जुनी फळी टाकली की झकास लिहायचं टेबल. तारेच्या ब्रशनं गंज काढा, रेड ऑक्साइडचा गंजरोधक अस्तर-रंग लावा, मग काळा रंग. पायटा आणि चाक एकमेकांना जोडणारा दांडा काढून ठेवा, नाहीतर मुलं पाय हलवत बसतात आणि कुणाचं तरी बोट सापडतं. बीड तडकलेलं असेल तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, ते दुसरीकडे तडकतं. पोलादी पट्टी नटबोल्टनं आवळणं बरं.

खुर्चीचं एवढं सगळं वाचून दडपण आलं असेल तर आरामखुर्चीपासून सुरुवात करा. तिचं फक्त कापड बदलायचं असतं. जुनं कापड उसवून त्याच मापाचं जाड कॅनव्हास किंवा तंबूचं कापड घ्यायचं, दोन्ही टोकांना दांडा जाईल एवढी नेफ्यासारखी दुमड, आणि त्यावर तिहेरी शिलाई. एकेरी शिलाई घालून मामांना पहिल्यांदा बसवू नका.

आणि टेबलाचा किंवा कपाटाचा खण जुलैत अडकायला लागला, तर लगेच रंधा मारू नका. लाकूड पावसात फुगतं. आज तासून मोकळा केलेला खण डिसेंबरात खुळखुळायला लागेल, आणि तासलेलं लाकूड परत लावता येत नाही. सरकपट्ट्यांवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा आणि पाऊस काढा. दिवाळीनंतरही अडकत असेल, तर मग कुठं घासतंय तिथं खडू लावून बघा आणि तेवढंच तासा.